रुळलेले बूट

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये अकरा जण होते. बारावा म्हणून यादीत ज्याचं नाव असे, तो प्रेमपाल मॅचच्या दिवशी हमखास आजारी पडायचा आणि मॅच संपून चहा आला की हमखास बरा व्हायचा. कॉलेज लहान होतं, दोन मजल्यांचं, एका घंटेचं. स्वतःचं मैदानही नव्हतं. मागच्या बाजूला एक चो होता. चो म्हणजे पावसाळ्यात दोन महिने वाहणारा आणि उरलेलं वर्षभर वाळूचा पट्टा होऊन पडलेला ओढा. त्याच्या काठावरची सपाट जागा आमच्या आधीच्या मुलांनी दगड वेचून साफ केली होती आणि सफेद्याचे, म्हणजे निलगिरीचे, चार खांब पुरून दोन गोल उभे केले होते. बॉल जोरात मारला की तो चोमध्ये जायचा, आणि ज्याने मारला त्यानेच उतरून आणायचा असा नियम होता. कोच वगैरे कोणी नव्हतं. जस्सी कॅप्टन होता आणि तोच सगळं बघायचा. चंदीगडबाहेरच्या खरडच्या बाजूच्या एका गावातून तो सायकलवर यायचा, कॅरियरला पुस्तकांऐवजी बॉलची जाळी बांधलेली, आणि पगडीच्या आत सायकलची किल्ली. माझा दादा शेवटच्या वर्षाला होता आणि सेंटर फॉरवर्ड खेळायचा. अख्ख्या टीममध्ये मराठी तो एकटाच, त्यामुळे त्याला सगळे ‘मराठा’ म्हणत. त्याचं खरं नाव श्रीकांत होतं हे निम्म्यांना तो गेल्यावर कळलं.

मी त्या वर्षी नुकताच कॉलेजात आलो होतो आणि टीमशी माझा काही संबंध नव्हता. पण फुटबॉलशी होता, कारण दादाला घरी सराव करायला समोर कोणीतरी लागायचं. आमचं सरकारी क्वार्टर तळमजल्यावर होतं. मागे गल्ली, गल्लीत गॅरेजांची रांग, आणि त्यातल्या एका हिरव्या दारासमोर मला उभं करून दादा पेनल्ट्या मारायचा. तीन पावलं मागे जायचा, एकदा उजवीकडे बघायचा, डावा पाय रोवायचा आणि उजव्याने मारायचा. बॉल माझ्या डाव्या हाताला यायचा. नेहमी. त्याने पेनल्टी दुसऱ्या बाजूला मारलेली मला आठवत नाही. ‘‘अवि, डावीकडे मारून राहिलो बरं,’’ असं सांगून मारायचा, आणि तरीसुद्धा पहिली दोनेक वर्षं ती मला अडवता यायची नाही. मग यायला लागली. त्या दाराचा पत्रा असा वाजायचा की शेजारच्या बीजी बाहेर येऊन म्हणायच्या, ‘‘वे मुंडेओ, दरवाज्जे ते रहम करो,’’ म्हणजे पोरांनो, दारावर दया करा. बीजी म्हणजे शेजारच्या सरदारजींच्या आई. ओरडून झालं की त्याच आम्हाला एकेक पिन्नी, कणकेचा तुपातला लाडू, द्यायच्या.

बाबा मोजणी खात्यात नकाशे काढायचे. आम्ही मूळचे वर्ध्याचे. बदल्या होत होत चंदीगडला आलो होतो आणि पुढच्या बदलीची वाट बघत इथेच रुजलो होतो. बाबांचं काम घरीही चालायचं. बैठकीत कंदिलाएवढा एक टेबल दिवा, त्याच्याखाली पसरलेला कागद, आणि त्यावर रेघ ओढणाऱ्या पेनचा बारीक खरखराट. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. बाबा बोलायचे कमी आणि बोलले तर मोजून बोलायचे. ‘जवळपास’ हा शब्द त्यांना चालत नसे. आई त्यांच्या उलट. तिच्या बोलण्याला आणि स्वयंपाकाला माप नव्हतं. टीमने मॅच जिंकली की अकराच्या अकरा जण, आणि नुकता बरा झालेला प्रेमपाल, आमच्याकडे जेवायला यायचे आणि आई गोळाभात करायची. आमच्याकडचा हा भात तिकडे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातातच शिजवायचे, वाढताना गोळा भातावर कुस्करायचा आणि वरून हिंगमोहरीचं कडकडीत तेल ओतायचं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘बॉलवाले चावल’. जस्सी पाच गोळे खायचा आणि सहाव्याला म्हणायचा, ‘‘बस माताजी, पक्का आखरी.’’

दादाचे बूट जालंधरहून आणलेले होते. कातडी, काळे, खाली खिळे ठोकलेले. तेव्हा असे बूट असणं ही टीममध्ये मोठी गोष्ट होती. बाकीच्यांपैकी चौघे कॅनव्हासच्या बुटात खेळायचे. पण दादाचे पाय भारी नाजूक. नवं कोणतंही पायताण त्याला चावायचंच. ते बूट आणले तेव्हा पंधरा दिवस तो घरभर लंगडत होता, टाचांना खोबरेल लावलेली फडकी बांधून. आई हसायची आणि म्हणायची, लग्नातले जोडेसुद्धा आधी कोणाकडून तरी रुळवून घ्यावे लागतील याला. मग ते रुळले, इतके की दादा ते घालून झोपलाही असता. पुढच्या वर्षी डाव्या बुटाची शिवण करंगळीपाशी उसवली. मार्केटात मोची होता, पण दुसऱ्या दिवशी मॅच होती आणि आईला धीर नव्हता. तिने पोत्याचं दाभण घेतलं, गोधडी शिवायचा लाल दोरा घेतला आणि आठ टाके घातले. काळ्या बुटावर लाल टाके. दादा म्हणाला, ‘‘आई, फुटबॉल खेळायला चाललो की लग्नाला?’’ पण ते टाके कधी सुटले नाहीत.

श्रावणात दादाला कावीळ झाली. अकराव्या दिवशी तो गेला. या दोन वाक्यांच्या मधलं मला फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते बिनकामाचं आहे. हॉस्पिटलच्या जिन्यावर कुणीतरी अर्धवट खाल्लेलं सीताफळ ठेवलं होतं. घरी आलो तेव्हा बाबांच्या टेबलावरचा दिवा चालूच राहिलेला होता. बीजींनी आमच्या घराचा ताबा घेतला. चूल पेटवायची नाही हे त्यांनी आपणहून ओळखलं, आणि फोडणी चालते की नाही हे आईला कानात विचारून दोन्ही वेळा बिनफोडणीची खिचडी पाठवली. लोक येत होते, बसत होते, जात होते. सगळे माझ्या पाठीवर हात फिरवायचे आणि मी त्यांच्यासाठी पाणी आणायचो. मी रडलो नाही. ठरवून नाही. रडू आलंच नाही. आतून कुणीतरी बधिर करायचं इंजेक्शन दिल्यासारखं होतं, दात काढताना देतात तसं. हात लावला तर कळतं की हात लागलाय, बाकी काही नाही.

माणूस गेल्यानंतर बाराव्या दिवशी दान द्यायचं असतं. छत्री, पाण्याचा तांब्या, काठी, जोडे. गेलेल्याला लांब चालायचं असतं, वाटेत ऊन असतं, तहान असते, खडे असतात. आमच्या सेक्टरच्या मंदिरातले पंडितजी गढवाली होते. आमच्याकडच्या रीती त्यांना ठाऊक नव्हत्या, पण माणूस समजूतदार. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, ‘‘साब, चप्पल नई ले आना, कोई भी चल जाएगी.’’ बाबांनी मान हलवली. मग घरी आल्यावर आईला म्हणाले, ‘‘नवी काहून? नवं त्याला चावतं.’’

बाबा मागच्या व्हरांड्यात गेले, दादाचे बूट घेतले, काडीने खिळ्यांमधली माती काढली, फडक्याने पुसले, पॉलिश केलं, आणि नकाशे गुंडाळायच्या जाड कागदात ते बांधले. सुतळीची गाठ मारून दोन्ही टोकं सारख्या लांबीची कापली. मी दारात उभा होतो. मला ते बूट हवे होते. इतर कशाचंच काही वाटत नव्हतं तेव्हा ही एक गोष्ट मला अगदी स्पष्ट हवी होती, आणि ती तोंडातून निघाली नाही. बापाने मेलेल्या मुलाला वाटेसाठी दिलेले जोडे ‘मला द्या’ असं कोण म्हणणार? आज इतक्या वर्षांनीही वाटतं की म्हणायला हवं होतं. लगेच दुसरं वाटतं की बरं झालं नाही म्हटलं. या दोन वाटण्यांचा निकाल माझ्याच्याने लागलेला नाही.

तेरावं झाल्यावर चार दिवसांनी जस्सी आला. बाबांच्या समोर खुर्चीच्या अगदी कडेला बसला. टीममध्ये आता दहा जण होते आणि प्रेमपाल. मोसम सुरू व्हायला महिना होता. तो म्हणाला, ‘‘अंकलजी, बलबीर गोल में खड़ा होता है, लंबा है, उसको आगे खिला लूँगा. पर गोल में कोई चाहिए. मराठा बोलता था, मेरा छोटा भाई मेरी पेनल्टी रोक लेता है.’’ दादाने असं कुणाला सांगितल्याचं मला माहीत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘जाशील?’’ मी म्हटलं, जाईन. जस्सी उठला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘‘माताजी, इस बार कप पहले आपके घर आएगा. पक्का. फिर कॉलेज ले जाएँगे.’’

आईने ते मनावर घेतलं. बैठकीतल्या भिंतीत एक फळी होती, तिच्यावर आमचा रेडिओ. दादा गेल्यापासून तो बंदच होता. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर रेडिओ ट्रंकेवर ठेवलेला, फळी पुसून लख्ख, आणि तिच्यावर क्रोशाचा रुमाल अंथरलेला. वर काहीच नाही. दादाचा फोटोसुद्धा तिने तिथे ठेवला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं काहीतरी काढून ठेवलंय. आमच्या घरात दादाचं नाव कोणी घेत नव्हतं, पण ती रिकामी फळी सगळ्यांना दिसत होती, आणि मॅचला निघताना माझी नजर तिच्यावरून गेल्याशिवाय राहायची नाही. त्या मोसमात मी काय जिंकायला खेळत होतो असं विचारलं तर उत्तर ती फळी असं आहे.

आणि मी चांगला खेळलो. हे सांगताना लाज वाटते, पण खरं आहे. पहिल्या मॅचमध्ये समोरचा आडदांड फॉरवर्ड बॉल घेऊन सुटला आणि मी सरळ त्याच्या पायात उडी मारली. बॉल छातीशी धरला, त्याचा बूट माझ्या कानाजवळून गेला. पोरं धावत येऊन ओरडायला लागली, ‘‘ओए छोटे मराठे! शेर है तू!’’ मी शेर वगैरे काही नव्हतो. मला भीतीच वाटत नव्हती, कारण काहीच वाटत नव्हतं. तिसऱ्या मॅचमध्ये माझं बोट मोडलं आणि ते मला संध्याकाळी हातमोजा निघेना तेव्हा कळलं. बीजींनी हळद लावून दोन काड्या बांधून दिल्या, मी पुढची मॅच तसाच खेळलो. लोकांना ते धाडस वाटलं. मैदानाच्या कडेला आमच्या इंग्रजीच्या सरांनी कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं, की हा मुलगा भावासाठी खेळतोय, बघा डोळ्यांत कशी आग आहे. डोळ्यांत धुकं होतं, जानेवारीतल्या सकाळी असतं तेच.

एक बरोबरी, एक हार आणि बाकीच्या जिंकलेल्या, असे आम्ही फायनलपर्यंत आलो. आमच्या कॉलेजने तोवर कधी सेमीफायनलही पाहिली नव्हती. दर जिंकलेल्या मॅचनंतर टीम सवयीने आमच्या गेटपर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. आत यावं की नाही हे कुणाला कळायचं नाही. जस्सी तिथूनच हात जोडायचा, ‘‘जीत गए, माताजी.’’ आई दारातून म्हणायची, ‘‘अच्छा हुआ बेटा,’’ आणि चहा पाठवायची. गोळाभात तिने केला नव्हता. डाळीचा डबा तसाच होता. पोरं थंडीत गेटाबाहेर उभी राहून, सायकलींना टेकून चहा प्यायची, एकमेकांच्या शेंगदाण्यांवर डल्ला मारायची, आणि खिडकीतून आईला पोरं मोजताना मी पाहिलेलं आहे. मोजून झाली की ती आत वळायची.

हे सगळं आता लिहायला बसण्याचं कारण माझी नात. मी निवृत्तीनंतर परत इकडेच आलो, मोहालीत एअरोसिटीत मुलीकडे राहतो. डोक्यावरून विमानं जातात आणि खाली पार्कात रेवा फुटबॉल खेळते. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला हिंदीत उत्तर देते, दोघांचं छान चाललेलं असतं. गेल्या महिन्यात तिला नवे बूट घेतले, पोपटी रंगाचे, पिसासारखे हलके. दुसऱ्या दिवशी लंगडत आली. ‘‘आजोबा, यार, बहुत काट रहे हैं ये.’’ मी तिच्या टाचेला खोबरेल लावत होतो आणि हात थांबला. ती म्हणाली, ‘‘क्या हुआ?’’ मी म्हटलं, काही नाही, पंधरा दिवस लागतात. ‘‘किसने बोला?’’ मी तिला सांगितलं नाही.

त्या मोसमाची फायनल शहराच्या मोठ्या मैदानावर झाली. समोर एका मोठ्या कॉलेजची टीम होती, त्यांच्याकडे बदली खेळाडूच आमच्या टीमएवढे होते. निघताना आईने माझ्या हातावर दही ठेवलं. स्वयंपाकघरात हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली मी पाहिली. पितळेच्या मोठ्या पातेल्यात, अकरा जणांची. बाबा ऑफिसला जायच्या तयारीत होते. म्हणाले, ‘‘सावकाश.’’ फुटबॉल सावकाश कसा खेळतात, हे विचारायची सोय नव्हती.

त्यांचा सात नंबरचा एक मुलगा होता, बारीक, बुटका, डोंगराकडचा वाटणारा. तो पळायला लागला की आमच्या बचावातल्या पोरांना नुसती त्याची पाठ दिसायची. पहिल्या अर्ध्यात त्यांना कॉर्नर मिळाला आणि तो मारायला हा सात नंबर आला. बॉल ठेवायला वाकला, दोन पावलं मागे सरला, आणि मला त्याच्या डाव्या बुटावर, करंगळीपाशी, लाल टाके दिसले.

कॉर्नर आला आणि मी तो पकडला. हात आपोआप काम करत होते. मग तो जवळून पळत गेला तेव्हा मी पुन्हा पाहिलं. आठ टाके. शेवटचा थोडा तिरका, कारण तिथे दाभण अडलं होतं आणि आई ‘‘मेल्या’’ म्हणाली होती, दाभणाला. बूट त्याला मोठे होते. घोट्यापाशी दोन मोजे दिसत होते, आत एक आणि वर एक. तेवढं पाहिल्यावर उरलेल्या मॅचमध्ये मी बॉलकडे कमी आणि त्या बुटांकडे जास्त बघत होतो. ते धावत होते, वळत होते, चिखलात रुतून बाहेर येत होते. एकदा तर ते थेट माझ्याकडे धावत आले. मला आनंद झाला, हे मी आज सांगतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं, आणि तो आनंद होता. तो बाकी कशात बसत नव्हता. दादा मैदानात आहे आणि चुकून दुसऱ्या बाजूने खेळतोय, असं काहीसं ते होतं.

गोल कोणाचाच होत नव्हता. शेवटची काही मिनिटं राहिली असताना आमच्या एकाचा हात गोलसमोर बॉलला लागला आणि पंचाने पेनल्टी दिली. जस्सी माझ्याजवळ आला, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाला, ‘‘छोटे, ये रोक ले. बस ये एक. माताजी के लिए.’’ मी म्हटलं, रोकूँगा. आणि मला खात्री होती. बॉल सात नंबरने ठेवला. तीन पावलं मागे गेला. एकदा उजवीकडे पाहिलं. धावत आला, डावा बूट रोवला, लाल टाके माझ्याकडे करून.

लोक नंतर म्हणाले की मी अंदाज बांधला आणि तो चुकला. गोलकीपरचं तसं होतंच, त्यात काय. मी अंदाज बांधलाच नव्हता. मला माहीत होतं. मी डावीकडे झेपावलो, पूर्ण लांब, मोडलेलं बोट पुढे करून. ती माझी सगळ्यात चांगली उडी होती. दादाची पेनल्टी असती तर मी ती सहज अडवली असती. बॉल उजवीकडून, जमिनीलगत, फार जोरात नाही असा आत गेला.

मी उठलो नाही. गाल थंड मातीवर होता. समोर गवत होतं, पलीकडे लोकांचे पाय नाचत होते. मला तेव्हा कळलं की दादा मेला. हॉस्पिटलात कळलं नव्हतं, अग्नी देताना कळलं नव्हतं, आठवत नाही इतक्या लोकांनी पाठीवर हात फिरवला तेव्हाही कळलं नव्हतं. दादा असता तर त्याने डावीकडेच मारला असता. बलबीरने मला काखेत हात घालून उभं केलं. थोड्या वेळाने पंचाची शिट्टी झाली आणि कप त्यांच्या कॅप्टनच्या डोक्यावर दिसला. पितळेचा होता, आमच्या फळीवर बरोबर मावला असता.

सगळे हात मिळवत होते तेव्हा मी सात नंबरला गाठलं. त्याचं नाव हरीश होतं. मी त्याला विचारलं, ये बूट कहाँ से लिए? तो थोडा लाजला. म्हणाला, ‘‘मेरे चाचाजी मंदिर में पंडित हैं, उन्होंने दिए. किसी ने दान किए थे. एक नंबर बड़े हैं, पर भाई, क्या बूट हैं! नए बूट मुझे बहुत काटते हैं, इन्होंने पहले दिन से नहीं काटा.’’ मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘क्यों, तुम्हारे हैं?’’ मी म्हटलं, नहीं. आणि ते खरंच होतं. माझे ते कधीच नव्हते.

त्या दिवशी टीम गेटापाशी थांबली नाही. जस्सीने कडी काढली आणि सगळे खाली माना घालून आत आले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आधी आमच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्यांकडे. जस्सी म्हणाला, ‘‘माताजी, नहीं ला पाए.’’ आणि तो सहा फुटी माणूस रडायला लागला. आईने त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं आणि म्हणाली, ‘‘पहले खाना खाओ. ठंडा होने से गोला कड़क हो जाता है.’’ जिंकलो काय नि हरलो काय, गोळाभात करायचा हे तिने सकाळीच ठरवलं होतं. बैठकीत दोन रांगांत ताटं मांडली होती. वर रिकाम्या फळीवर तो क्रोशाचा रुमाल होता. बाबा ऑफिसातून आले, त्यांनी कोट काढला आणि ते आमच्यातच माझ्याशेजारी बसले. चमच्यांचे, ताटांचे आवाज येत होते आणि आई फिरून फिरून तेल ओतत होती. बाबांनी भात घेतला होता, पण ते नुसते तो चिवडत होते. दादा गेल्यापासून ते तसेच जेवायचे.

मला ते त्यांना सांगायचं नव्हतं. वाटेसाठी दिलेली वस्तू वाटेला पोहोचलीच नाही, पंडितजींच्या पुतण्याने घातली, हे कोण सांगेल? पण बाबांनी विचारलं, ‘‘कोणी मारला गोल?’’ आणि त्यांना ‘जवळपास’ उत्तर देणं मला कधी जमलेलं नव्हतं. मी हळू आवाजात सांगितलं. सात नंबरने. मंदिरातल्या पंडितजींचा पुतण्या आहे. त्याच्या पायात दादाचे बूट होते. टाके ओळखले.

आईच्या हातातली तेलाची पळी थांबली. ती ऐकत होती हे मला माहीत नव्हतं. बाबा ताटाकडे बघत होते. मला वाटलं आता ते उठतील. मग त्यांनी विचारलं, ‘‘चावत होते का त्याला?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘नवे बूट चावतात म्हणाला. हे पहिल्या दिवसापासून चावले नाहीत.’’

‘‘लंगडत नव्हता ना?’’

‘‘नाही बाबा. चांगला पळत होता.’’

बाबांनी मान हलवली. रेघ बरोबर जागी आली की हलवायचे तशी. आईकडे बघून म्हणाले, ‘‘मी म्हटलं होतं तुले.’’ घरी ते ‘तुले’ म्हणायचे, पण फार दिवसांनी म्हणाले. मग त्यांनी ताट पुढे केलं आणि एक गोळा आणखी मागितला. मी तेव्हा रडलो. भर पंगतीत, तोंडात घास असताना, आवाज करून. कोणी मला थांबवलं नाही. आईने बाबांना वाढलं, मग माझ्या भातावर एक गोळा ठेवला, तो बोटांनी कुस्करला आणि त्यावर गरम तेल ओतलं.